वालाच्या बियाण्याला दरवर्षी भुंगा लागतो? हवाबंद बरणीत किडे येतात कुठून आणि त्यावर काय करायचं

दरवर्षी तेच. फेब्रुवारीत घरच्या वेलाच्या शेंगा सुकवायच्या, दाणे काढायचे, दोन-चार दिवस ऊन दाखवायचं, काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावायचं आणि जूनमधे पहिला चांगला पाऊस झाला की हौसेने बरणी काढायची, तर दाण्यादाण्याला भोक, तळाला पिवळट पीठ आणि त्या पिठात मेलेले बारीक तपकिरी भुंगे. माझ्याकडे हे सलग चार वर्षं झालं. बी पण साधंसुधं नाही, माझ्या आजीच्या हातचं, रोह्याकडच्या घरातलं, त्यामुळे दर जूनला त्या बरणीतून चाळीस-पन्नास शाबूत दाणे वेचताना पोटात तुटायचं. आता दोन वर्षं झाली, एकही दाणा पोखरला गेलेला नाही. ज्यांना हाच त्रास होतोय त्यांच्यासाठी सगळं नीट लिहितेय, जरा लांबेल पण शेवटपर्यंत वाचा.

आधी नाव. आमच्याकडे वाल, घाटावर पावटा, भाजीवाल्याकडे वालपापडी, कुठे घेवडा, हे सगळं मुळात एकाच झाडाचे प्रकार, शास्त्रीय नाव लॅबलॅब. पण घेवडा म्हटल्यावर काही भागात राजम्याच्या जातीतला पण धरतात, साताऱ्याकडे कोरेगावचा जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा आहे ना, तो त्यातला. खाली जे भुंग्याचं लिहिलंय ते वाल, चवळी, मूग, तूर अशा बऱ्याच कडधान्यांच्या घरच्या बियाण्याला चालतं.

माझी गच्ची पनवेलला, कापलेल्या निळ्या ड्रममधे सात वेल, बांबू आणि नायलॉनच्या दोरीचा मांडव. चार वर्षांत काय काय केलं ते सांगते म्हणजे तुमचा तेवढा वेळ वाचेल. पहिल्या वर्षी काहीच नाही, साधा स्टीलचा डबा. दुसऱ्या वर्षी बिब्बे आणि कडुलिंबाचा सुकवलेला पाला. तिसऱ्या वर्षी लवंगा, सुक्या मिरच्या, वेखंडाचा तुकडा, जे जे कोणी सांगेल ते. चौथ्या वर्षी मला वाटलं की झाकणातून शिरत असणार, म्हणून रबरी रिंगवाली चांगली महाग बरणी आणली आणि झाकणावरून परत चिकटपट्टी. जूनमधे चिकटपट्टी जशीच्या तशी आणि आत भुंगे फिरतायत. तेव्हा कळलं की मी चार वर्षं चुकीच्या दारावर पहारा देत होते.

हे आत्याला सांगितलं. ती गावाला अजून भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल करते. ती म्हणाली, "अगं, तो बरणीत शिरत नाय, शेंगेतनंच दाण्यात बसून येतो."

मी म्हटलं, "पण आत्या, सोलताना एकही किडा दिसला नव्हता."

"दिसेल कसा, तेव्हा तो किडा नसतोच. शेंगा वेलावर किती दिवस ठेवल्यास सुकायला?"

मी ठेवल्या होत्या चांगल्या तीन-चार आठवडे, कारण मला वाटायचं जेवढ्या वेलावर सुकतील तेवढं बी पक्कं.

त्या वर्षी मग मोबाईलला वीस-पंचवीस रुपयांची ती चिमटा भिंग मिळते ती लावून शेंगा आणि दाणे बघितले, आणि हे प्रत्येकाने एकदा तरी बघाच. वालाच्या दाण्यावर जी पांढरी जाड रेघ असते ना, नाकासारखी, तिच्या आसपास किंवा बाजूच्या गुळगुळीत पोटावर तांदळाच्या पिठीचा एखादा कण चिकटल्यासारखा ठिपका दिसतो. फुंकर मारली तर उडत नाही, बोटाने पुसला तर जात नाही, नखाने खरवडला तर निघतो. ते भुंग्याचं अंडं. मादी ते दाण्याला किंवा शेंगेच्या सालीला गोंदाने चिकटवल्यासारखं लावते, एकेकटं. ताजं अंडं काचेसारखं पारदर्शक, चकचकीत असतं. ते पांढरं चुन्यासारखं दिसायला लागलं म्हणजे अळी आधीच आत गेली, कारण अळी अंड्याच्या वरून बाहेर येतच नाही, खालूनच थेट दाण्याला भोक पाडून आत शिरते आणि कुरतडलेला भुगा मागे त्या रिकाम्या टरफलात भरत जाते. म्हणून वरून कुठेही भोक दिसत नाही. दाणा हातात घ्या, निवडा, पाखडा, सुपात घोळवा, शाबूतच वाटणार.

मग ती आतच खाते, आतच वाढते, आतच कोष करते. बाहेर यायच्या आधी दाण्याच्या सालीखाली एक गोल काळपट खिडकी दिसते, नीट उजेडात धरलं तर कळते, साल तेवढ्याच जागी कागदासारखी पातळ राहिलेली असते. भुंगा ती गोल टिकली ढकलून बाहेर येतो. आपल्याला जे भोक दिसतं ते तो आत शिरल्याचं नाही, बाहेर निघाल्याचं आहे. हे डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप सुटतं.

आता हिशोब करा. आपल्याकडच्या फेब्रुवारी-मार्चच्या उबेत अंड्यापासून भुंग्यापर्यंत साधारण 25 ते 35 दिवस लागतात. बाहेर आलेल्या भुंग्याला बरणीत खायला काही लागत नाही, तो आठ-पंधरा दिवस जगतो आणि तेवढ्यात एक मादी 80-100 पर्यंत अंडी घालू शकते. म्हणजे फेब्रुवारीत तुमच्या अर्धा किलो बियाण्यात फक्त दहा-बारा दाण्यांत अळी असली तरी मार्च अखेर पहिली पिढी, एप्रिल अखेर दुसरी, मे संपता संपता तिसरी, आणि जूनला तुम्ही बरणी उघडता. ती बरणी मधल्या काळात कधी उघडून बघितलेली नसते कारण "हवाबंद आहे, उगाच कशाला उघडा".

आणि हवाबंद म्हणजे काय ते पण सांगते, कारण इथे माझी सगळ्यात मोठी गफलत होती. अर्धी रिकामी बरणी कितीही घट्ट बंद केली तरी आत किड्यांच्या दोन पिढ्यांना पुरेल एवढी हवा असते. आफ्रिकेत चवळी साठवायला तीन पदरी पिशव्या वापरतात, तिथे औषध काही नसतं, पिशवी गच्च भरून आतली हवा काढून बांधायची, किडे उरलेला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि मग त्यांची वाढच थांबते. पण त्यात गोम अशी की डबा काठोकाठ भरलेला पाहिजे. पाव किलो बी दोन लिटरच्या बरणीत ठेवलं तर त्याला हवाबंद म्हणण्यात काही अर्थ नाही. त्याऐवजी जॅमच्या छोट्या बाटल्या घ्या आणि गळ्यापर्यंत भरा.

मग मी आता काय करते

सगळ्यात पहिला बदल वेलावर. बियाण्याचे वेल आधीच ठरवते, सातातले दोन वेल आणि बाकी पाच वेलांवरच्या पण बऱ्या दोन-चार शेंगा, त्यांना रंगीत लोकर बांधून ठेवते म्हणजे घरातलं कोणी भाजीला तोडणार नाही. आधी मी उलटं करायची, भाजीला चांगल्या शेंगा आणि शेवटी वेल थकल्यावर उरल्यासुरल्या किडक्या-वाकड्या बियाण्याला, ते अगदी चूक. आणि एकाच वेलाचं बी धरू नका, पाच-सहा वेलांचं एकत्र करा, नाहीतर दोन-तीन पिढ्यांत सगळं एका वेलाच्या गुणावर येऊन बसतं.

शेंग हिरवीची पिवळी झाली, साल सुरकुतून चामड्यासारखी झाली आणि हलवल्यावर आत दाणा सुटल्यासारखा वाटला की काढायची. पूर्ण कडकडीत होईपर्यंत थांबायचं नाही. दाणा तोवर आत पक्का झालेला असतो, राहिलेलं सुकणं घरात होतं. वेलावर सुकी शेंग जितके दिवस लटकते तितके दिवस भुंग्याला आमंत्रण, हेच आत्याचं म्हणणं होतं आणि ते शंभर टक्के बरोबर. दर तीन दिवसांनी मांडवाखाली एक फेरी, झाल्या असतील तेवढ्या काढायच्या. वेळ असेल तर बियाण्याच्या घोसावर जुन्या मलमलच्या ओढणीची पिशवी शिवून चढवा, शेंगा भरत आल्यावर. भुंगा पण बसत नाही आणि अजून एक फायदा आहे तो खाली सांगते.

काढलेल्या शेंगा दोन दिवस सुपात पसरून, मग सोलून दाणे वेगळे. शेंगेच्या सालीवर पण अंडी असतात त्यामुळे शेंगांसकट महिना महिना ठेवू नका, टरफलं लगेच कंपोस्टमधे खोल दाबा. दाणे सुती कापडावर, सकाळी आठ ते अकराच्या उन्हात चार-पाच दिवस. दुपारच्या उन्हात स्टीलच्या ताटात किंवा पत्र्यावर नाही, ताट तापलं की बी भाजतं आणि वरून अगदी छान दिसतं पण रुजत नाही. संध्याकाळी घरात, कारण आपल्याकडे रात्रीचं दव दिवसभराची मेहनत घालवतं.

सुकलं की नाही हे कसं कळणार? दाताखाली धरून चावा, दात उमटला तर ओला, टक्कन तुटला तर सुका. अजून खात्री हवी असेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि दोन चमचे तव्यावर गरम करून गार केलेलं बारीक मीठ घाला, मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात 15 टक्क्यांहून जास्त ओल आहे. नाही चिकटलं तर त्याखाली आलं, पण तेवढ्यावर खूश होऊ नका, साठवायला 8-9 टक्के पाहिजे. मी त्यासाठी वाटीभर तांदूळ कढईत चांगला कोरडा भाजते, बंद डब्यात गार करते आणि फडक्याची सैलसर पुरचुंडी करून बियाण्याच्या बरणीत आठवडाभर ठेवते, तांदूळ ओल ओढून घेतो. चपलांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या पुड्या वापरू नका, त्या आपल्याकडे येईपर्यंत ओल पिऊन बसलेल्या असतात. ओलीचं महत्त्व किती तर बियाण्यातली ओल 1 टक्क्याने उतरली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि ठेवायच्या जागेचं तापमान 5 अंशांनी उतरलं की परत दुप्पट, हा हॅरिंग्टन नावाच्या बीजशास्त्रज्ञाचा ठोकताळा आहे आणि घरच्या कामाला अगदी पुरेसा आहे.

आता खरा उपाय, ज्याने माझी बरणी वाचली. फ्रीझर. पूर्ण सुकलेलं बी छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, झाकण लावून, उणे 18 अंशांच्या फ्रीझरमधे सात दिवस. अंडं, अळी, कोष, भुंगा, सगळे मरतात, दाण्याच्या आत असले तरी. सुक्या बियाण्याला थंडीने काही होत नाही. पण ओलं बी फ्रीझरमधे टाकलं तर आतलं पाणी गोठून गर्भ मरतो, म्हणून वरचं एवढं सुकवायचं पुराण. जुना सिंगल डोअर फ्रिज असेल, बर्फाचा कप्पा तेवढा गार होत नसेल, तर मी पंधरा दिवस सांगेन. गावाला लाईट जाते तिथे पण जास्त दिवस ठेवा.

आणि बाहेर काढल्यावर बाटली लगेच उघडायची नाही. ओट्यावर ठेवून द्या रात्रभर. गार बियाण्यावर आपली दमट हवा लागली की लगेच दव धरतं, ताकाच्या ग्लासावर बाहेरून येतं ना तसं, आणि सुकवलेलं सगळं पाण्यात. एका मैत्रिणीने काढल्या काढल्या झाकण उघडून बघितलं, पुसून परत ठेवलं, तिच्या बियाण्याला किडा नाही लागला पण पंधरवड्यात बुरशी आली.

हे काम कधी करायचं तर सोलल्यापासून तीन आठवड्यांच्या आत. पहिली पिढी बाहेर पडायच्या आधी. महिन्याभराने केलं तर किडे मरतील, पण भोकं पडून गेलेली असतील. नंतर बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात किंवा घरातल्या सगळ्यात गार कोरड्या कपाटात, गॅसच्या वरच्या फळीवर नको. आणि सगळं बी एकाच बाटलीत नको. मी तीन करते, एक या वर्षीची पेरणी, एक राखीव, एक आत्याकडे.

फ्रीझर नसेल तर

तेल. साधं शेंगदाण्याचं खायचं तेल, किलोला 5 मिली, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, पाव किलोला पाव चमचा. हातावर घेऊन दाण्यांना चोळा, प्रत्येक दाण्याला नुसती चकाकी आली पाहिजे, ओलसर नाही. तेलाने अंड्याचा श्वास कोंडतो. आपल्याकडे कडधान्याला एरंडेल लावतात ते याच तत्त्वावर. पण आत गेलेल्या अळीला तेलाचा फारसा उपयोग नाही म्हणून हे पण लवकर करायचं, आणि असं बी पुढच्या पावसात पेरून टाका, वर्षानुवर्षं ठेवू नका.

राख. आपल्या आज्या राखेत बी ठेवायच्या आणि मी दुसऱ्या वर्षी मूठभर राख टाकून बघितली होती, काही झालं नाही, तेव्हा म्हटलं जुन्या गोष्टी आता चालत नाहीत. चूक माझ्या प्रमाणाची होती. राख चिमूटभर औषध म्हणून नसते, दाण्यांमधल्या सगळ्या फटी भरायला असते, म्हणजे भुंगा बाहेर आला तरी त्याला हलता येत नाही, जोडीदार सापडत नाही, अंडं घालायला दुसरा दाणा मिळत नाही. त्यासाठी चार वाट्या बियाण्याला तीन-चार वाट्या राख लागते, लाकडाची किंवा शेणीची, पूर्ण गार, चाळलेली, कोरडी. मडक्यात थराथराने भरायचं, वर तीन बोटं नुसती राख आणि तोंडाला दादरा. आत्याकडे अजून तसंच आहे आणि तिचं बी किडत नाही.

बिब्बे, लवंग, कडुलिंबाचा पाला यांना मी नावं ठेवत नाही, बाहेरून येणाऱ्या किड्याला त्यांनी थोडा अडसर होत असेल, पण दाण्यात आधीच बसलेल्या अळीपर्यंत तो वास पोचत नाही. आपला त्रास तो आहे.

आणि एक कळकळीने सांगते. दुकानात धान्याला धुरी द्यायच्या गोळ्या मिळतात, ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या, कोणी म्हणेल एक टाक डब्यात, काम होईल. घरात अजिबात आणू नका. त्यातून निघणाऱ्या फॉस्फिन वायूने झोपलेली माणसं दगावतात. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर पण नको, विशेषतः जिथे तेच वाल कधीतरी बिरड्याला वापरले जाणार आहेत.

या वर्षीचं बी आधीच किडलंय, आता काय?

आत्ता ताबडतोब सगळं फ्रीझरमधे, आठ दिवस. मग पसरून तीन ढीग करा, भोकवाले, खिडकीवाले, शाबूत. शाबूतवर पण पांढरे ठिपके असतील, असू देत, आतली अळी मेली आहे आणि लहानपणीच मेली असेल तर दाण्याला फारसं नुकसान नाही. भोकवाला दाणा कधी कधी रुजतो, कारण अळी बहुतेक डाळिंबी खाते आणि गर्भ त्या पांढऱ्या रेघेजवळ एका कडेला असतो, तो वाचला तर कोंब येतो. पण रोपाला सुरुवातीचे दिवस काढायला जी शिदोरी असते तीच खाल्लेली, त्यामुळे रोप अशक्त. दुसरं बीच नसेल तर एका आळ्यात तीन-चार टाका आणि जगेल ते राखा. माझी आजीची जात चौथ्या वर्षी अशाच भोकवाल्या दाण्यांवर तगली, अकरा दाण्यांतून चार वेल आले.

किडा नाही पण बी रुजतच नाही

हे पण विचारलं जातं. वालाचे काही दाणे पाण्यात टाकले तरी फुगतच नाहीत, दगडासारखे राहतात, बिरडं करताना आपण त्यांना कुचर किंवा गणंग म्हणतो आणि काढून टाकतो. ते मेलेले नसतात हो, त्यांची साल पाणी आत घेत नाही एवढंच, जास्त सुकलेल्या बियाण्यात असे दाणे वाढतात. नेलकटरने त्या पांढऱ्या रेघेच्या बरोबर विरुद्ध बाजूला सालीचा एक बारीक टवका काढा आणि परत भिजवा, संध्याकाळपर्यंत टम्म फुगतात. रेघेच्या बाजूला कापू नका, तिथे गर्भ आहे.

फुगतात पण कोंब न येता कुजतात, घाण वास येतो, ते मात्र मेलेले. कारण बहुतेक वेळा उन्हात भाजलेलं, नाहीतर कोवळ्या शेंगेतलं, नाहीतर जानेवारीच्या अवकाळी पावसात शेंगा भिजून आत बुरशी आलेलं बी. पावसाचा अंदाज असेल तर पिवळ्या झालेल्या शेंगा लगेच काढून घरात पंख्याखाली पसरा.

बी चांगलं पण वेल वेगळाच निघाला

पांढऱ्या फुलाचं पेरलं आणि जांभळी फुलं, शेंग आखूड, चव पातळ. वाल स्वतःच्याच परागाने फळतो बऱ्यापैकी, फूल पूर्ण उमलायच्या आधीच परागकण सुटलेले असतात, पण ते मोठे काळे भोंगे वालाच्या फुलावर फार येतात आणि शेजारच्या जातीचे पराग आणतात. इथे फसवणूक अशी होते की संकर झालेला दाणा बरणीत ओळखूच येत नाही, कारण दाण्याची साल आणि शेंग आईच्या वेलाची असते. फरक दिसतो पुढच्या वर्षी, वेल वर चढून फुलला की. म्हणून ती मलमलची पिशवी कळ्या असतानाच चढवली तर भुंगा आणि भोंगा दोन्ही अडतात, शेंगा धरायला काही अडचण येत नाही. दोन जाती लावल्या असतील तर बियाण्यापुरती एवढी काळजी घ्याच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, 2020 ची पद्मश्री, त्यांनी वाल-घेवड्याचे किती तरी गावठी प्रकार वेगवेगळे राखलेत. ते सगळे एकमेकांत मिसळू न देणं किती कष्टाचं असेल हे दोन जाती सांभाळताना मला कळलं.

माझी मावसबहीण इंग्लंडमधे आहे, ती तिकडचे रनर बीन लावते, लाल फुलांचे. तिने हीच पिशवीची युक्ती केली आणि एक शेंग धरली नाही. तो वेल वालासारखा नाही, त्याला मधमाशी लागतेच, त्यामुळे तिथे पिशवी बांधायची नाही, आसपास एकच जात लावायची. तिची दुसरी अडचण ओली थंडी, शेंगा वेलावर सुकायच्या आधीच पाऊस आणि मग हिमाचा तडाखा, त्यामुळे ती पिवळे पडलेले वेल शेंगांसकट उपटून शेडमधे उलटे टांगते. बाकी सुकवणं आणि फ्रीझर तेच.

शेवटचं काम मे महिन्यात, आणि ते आपल्याकडे प्रत्येक घरात येतं. बाटलीतले वीस दाणे काढायचे, बिरड्याला भिजवतो तसे रात्रभर भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवायचे आणि तीन-चार दिवस रोज उघडून मोड मोजायचे. अठरा-एकोणीस आले तर आळ्यात दोन दाणे पुरे. बारा-चौदा आले तर तीन-चार टाका. आणि दहाच्या खाली आले तर राखीव बाटली सुद्धा त्याच पावसात पेरून टाका, आणि त्या वर्षी मांडवावरची एकही शेंग भाजीला तोडू नका, सगळी बियाण्याला सोडा.